वैमानिक व्हायचे तर आधी मास्तर व्हावे लागते काय?

घरातला मुलगा किंवा मुलगी “मला विमान चालवायचे आहे” असे म्हणाली की आईबापांपुढे पहिला प्रश्न पैशाचा उभा राहतो. त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो. कुणीतरी सांगितलेले असते की, परवाना हातात पडला तरी लगेच मोठे विमान मिळत नाही, आधी दोन-तीन वर्षे फ्लाइंग क्लबात शिकाऊ पोरांना शिकवत बसावे लागते. हे कितपत खरे? भारतात हे खरे नाही. अमेरिकेत पुष्कळ जण तसे करतात, पण तिथेही कायद्याची तशी सक्ती नाही.

आधी परवान्यांची उतरंड समजून घेऊ. नोकरीसाठी लागतो तो कमर्शियल पायलटचा परवाना, म्हणजे सीपीएल. भारतात त्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण लागते. त्यातले १०० तास विमानाचा प्रमुख म्हणून स्वतः जबाबदारी घेऊन केलेले असावे लागतात. त्याच्यावरचा परवाना एटीपीएल. प्रवासी विमानाचा कॅप्टन होण्यासाठी तो लागतो आणि त्याला १५०० तास लागतात. या दोन आकड्यांमध्ये १३०० तासांची दरी आहे. ती कशी भरायची, सारा घोळ तिथेच आहे.

आपल्याकडे २०० तासांचा सीपीएल आणि त्या-त्या जातीच्या विमानाचे वेगळे प्रशिक्षण (याला टाइप रेटिंग म्हणतात) झाले की विमान कंपनी निवड करून सहवैमानिक म्हणून घेऊ शकते. पुढचे तास नोकरी करता करता, पगार घेत, कॅप्टनशेजारच्या खुर्चीत भरतात आणि ते एटीपीएलसाठी जमेस धरले जातात. मास्तरकीचा संबंध येतो कुठे? शिकवण्यासाठी वेगळी परीक्षा आणि वेगळे रेटिंग आहे. ज्याला शिकवण्याची आवड आहे त्याने ते जरूर घ्यावे. नोकरी मिळेपर्यंत हात चालता ठेवायला काही जण घेतातही.

अमेरिकेत मात्र गाडे वेगळ्या कारणाने अडते. १२ फेब्रुवारी २००९ रोजी बफेलो शहराजवळ कोलगन एअरचे विमान पडले. विमानातले ४९ आणि जमिनीवरचा एक असे ५० जण गेले. मृतांच्या नातेवाइकांनी सरकारचा पिच्छा पुरवला, २०१० साली कायदा झाला आणि २०१३ पासून सहवैमानिकालाही १५०० तासांची अट लागली. गंमत पाहा, त्या विमानातल्या दोघांचेही तास १५०० च्या वर होते! विमानाचा वेग घटल्याचा इशारा मिळाल्यावर नाक खाली घ्यायचे ते कॅप्टनने वर खेचले, असे चौकशीत निघाले. म्हणजे दुखणे प्रशिक्षणाचे आणि औषध तासांचे. लष्करी वैमानिकांना ७५० आणि ठरावीक विद्यापीठांतून विमानविद्येची पदवी घेणाऱ्यांना १००० तासांची सवलत तिथे आहे, बाकीच्यांपैकी बहुतेकांना १५०० भरावे लागतात.

तिथला सीपीएल साधारण २५० तासांत होतो. उरलेले साडेबाराशे तास विमान भाड्याने घेऊन भरायचे म्हटले तर घरदार विकावे लागेल. शिक्षक झाले की भाडे विद्यार्थी देतो, तास मात्र शिक्षकाच्याही वहीत चढतात आणि वर मेहनताना मिळतो. म्हणून पोरे शिक्षक होतात. त्यात चूक काही नाही. पण ज्याचा जीव शिकवण्यात नाही त्याने केवळ तासांसाठी शिकवावे, हे शिकणाऱ्यावरही अन्यायाचेच. अशांनी दुसऱ्या वाटा धरलेल्या आहेत. कुणी समुद्रकिनाऱ्यावर जाहिरातीचे फलक ओढणारे विमान चालवतो, कुणी तेलाच्या पाइपलाइनवरून टेहळणी करतो, कुणी जमिनीचे फोटो काढणाऱ्या कंपनीत जातो, कुणी छत्रीधारी उडी मारणाऱ्यांना वर नेऊन सोडतो. ५०० तास झाले की छोट्या मालवाहू विमानांची काही कामेही मिळू शकतात. आणखी एक युक्ती म्हणजे दोन मित्रांनी मिळून विमान घ्यायचे. एकाने डोळ्यांवर आडोसा लावून फक्त यंत्रे पाहून उडवायचे, दुसऱ्याने बाहेर नजर ठेवायची. नियम नीट पाळले तर दोघांच्याही वहीत तास चढतात आणि खर्च निम्मा होतो.

पण आपल्या मुलांनी हे ऐकून हुरळून जाऊ नये. परदेशातून अमेरिकेत उड्डाण शिकायला जाणाऱ्यांना बहुतेक शाळा एम-१ व्हिसावर घेतात. त्यावर शिकताना नोकरी करता येत नाही, आणि नंतर अनुभवासाठी मुभा मिळाली तरी ती जास्तीत जास्त सहा महिन्यांची. “तिथेच कमवून कर्ज फेडू” असे एजंट सांगत असेल तर हा नियम त्याच्यापुढे ठेवा. शिवाय तिथला परवाना भारतात आपोआप चालत नाही. इथल्या परीक्षा देऊन तो बदलून घ्यावा लागतो.

इथे शिकायचे तर उत्तर प्रदेशात फुरसतगंजला केंद्र सरकारची इंदिरा गांधी राष्ट्रीय उड्डाण अकादमी आहे. तिथे प्रवेशात अनुसूचित जातींसाठी राखीव जागा आहेत. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही केंद्रात अनुसूचित जातीचा लाभ मिळतो. दाखला केंद्राच्या नमुन्यात आधीच काढून ठेवा, ऐनवेळी तहसील कचेरीचे खेटे नकोत. आपल्या राज्यात गोंदिया आणि बारामतीलाही प्रशिक्षणाची सोय आहे. फी मात्र सगळीकडेच लाखांत मोजावी लागते. म्हणून पहिला रुपया भरण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी करून घ्या. आधी क्लास-टू, मग क्लास-वन. रंग ओळखण्यात दोष निघाला तर भरलेल्या फीचे काय करणार?

आणि ती तासांची वही, म्हणजे लॉगबुक. २०११ साली आपल्याकडे खोटी गुणपत्रके देणारे आणि न उडवलेले तास दाखवणारे वैमानिक पकडले गेले, काहींना अटक झाली. शाळा निवडताना तिथे चालू स्थितीतली विमाने किती आणि विद्यार्थी किती, हे स्वतः जाऊन मोजा. जिथे विमाने दोन आणि पोरे साठ, तिथे २०० तास भरायला किती वर्षे लागतील याचा हिशेब घरी बसून कागदावर करता येतो.