पेढीवरचा सर्व्हर

'सर्व्हर' हा शब्द व्यापाऱ्याच्या कानावर पडतो तो बहुधा 'सर्व्हर डाउन आहे' या वाक्यातच. त्यामुळे तो दूर कुठेतरी थंडगार खोलीत ठेवलेले अजस्र यंत्र असावा, अशी समजूत रूढ झाली आहे. वस्तुतः जगातला पहिला वेब सर्व्हर टेबलावर मावणाराच संगणक होता. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली नेक्स्ट कंपनीच्या संगणकावर तो चालविला. हे यंत्र सर्व्हर असून ते बंद करू नये, अशा अर्थाची हाती लिहिलेली चिठ्ठी त्यांनी त्यावर चिकटवली होती.

वेब सर्व्हर हा मुळात एक प्रोग्रॅम असतो. मागणी येईपर्यंत तो स्वस्थ बसून राहतो आणि मागणी आली की मागितलेले पान काढून देतो. जुन्या पेढीवरचा मुनीम कोणी खाते विचारताच नेमकी तीच चोपडी पुढे करी, तसेच हे काम.

याचा आपल्याला उपयोग काय? घाऊक कापडाचे वा हार्डवेअरचे दुकान घ्या. दरपत्रक बदलते, ते व्हॉट्सअॅपवर फिरते, आणि चार दिवसांनी एका विक्रेत्याच्या फोनवर नवा दर तर दुसऱ्याच्या फोनवर जुना. जुन्या दराने सौदा झाला की शब्द पाळावा लागतो आणि फरक आपल्या खिशातून जातो. त्याऐवजी दरपत्रक एकाच संगणकावर ठेवले आणि दुकानातल्या वायफायवरून प्रत्येकाने तेच पान उघडले, तर जुनी प्रत उरतच नाही.

मांडणी अवघड नाही. १९९५ पासून प्रचारात असलेला अपाचे हा सर्व्हर विनामूल्य मिळतो. विंडोज संगणकावर तो एक्सॅम्प या संचातून सहज बसतो. त्याच्या 'एचटीडॉक्स' नावाच्या फोल्डरमध्ये आपले पान ठेवायचे. त्याच संगणकाच्या ब्राउझरमध्ये १२७.०.०.१ हा पत्ता टाकला की ते दिसते, कारण या पत्त्याचा अर्थच 'मी स्वतः' असा आहे. इतरांनी मात्र राउटरने त्या संगणकाला दिलेला, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता टाकायचा. हा पत्ता बदलू शकतो. म्हणून राउटरमध्ये तो त्या संगणकासाठी राखून ठेवावा. प्रथम सुरू करताना विंडोजची फायरवॉल परवानगी विचारते. ती केवळ खासगी नेटवर्कपुरती द्यावी. अपाचे सुरूच होत नसेल, तर बहुधा ८० क्रमांकाचे पोर्ट दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमने आधीच अडवलेले असते.

इथवर सर्व घरातल्या घरात चालते. खरा प्रश्न पुढे येतो. घरातला तरुण म्हणतो, बाहेरगावच्या ग्राहकांनाही दर दिसू द्या. राउटरमध्ये पोर्ट उघडले की झाले. तांत्रिकदृष्ट्या त्याचे म्हणणे खोटे नाही. (अनेक जोडण्यांत एकच सार्वजनिक पत्ता पुष्कळ ग्राहकांत वाटलेला असतो आणि मग हा प्रयत्न मुळातच फसतो, ही गोष्ट वेगळी.) तरीही माझे मत स्पष्ट विरोधाचे आहे. एक्सॅम्प हा संच शिकण्यासाठी आणि चाचणीसाठी बनविलेला आहे. त्यातील डेटाबेसच्या मुख्य खात्याला सुरुवातीला पासवर्डच नसतो. शिवाय पेढीवरच्या त्या संगणकावर बहुधा टॅली असते, जीएसटीची विवरणपत्रे असतात, कोणाकडे किती उधारी थकली याची यादी असते. बँकेत स्ट्राँगरूमची किल्ली दोघांच्या ताब्यात विभागून असे आणि काउंटर मात्र सर्वांना खुला. त्या दोहोंमध्ये भिंत असे. एकाच संगणकावर खातेवही आणि रस्त्याकडे उघडणारी खिडकी ठेवणे म्हणजे ती भिंत पाडणे होय. उधारीची यादी बाहेर गेली तर आपले नुकसान होतेच, पण विश्वासाने माल उचलणाऱ्या ग्राहकाची अब्रूही जाते. बाहेरच्यांना दर दाखवायचेच असतील, तर वार्षिक भाड्याने मिळणाऱ्या होस्टिंगवर तेवढेच पान ठेवावे. दुकानातल्या सर्व्हरसाठीही शक्यतो वेगळा, जुना संगणक वापरावा.

खर्चाचा हिशेबही मांडून पाहावा. साठ वॅट घेणारा संगणक चोवीस तास चालला तर दिवसाला १.४४ युनिट, म्हणजे महिन्याला सुमारे ४३ युनिट वीज जाते. दुकान रात्री बंद असते, तेव्हा सर्व्हरही बंद ठेवायला हरकत नाही. दिवसा मात्र तो झोपी जाऊ नये, अशी सोय विंडोजच्या वीजविषयक सेटिंगमध्ये करावी. यूपीएस असावाच. फोल्डरची प्रत दर आठवड्याला पेनड्राइव्हवर काढून घरी न्यावी आणि अधूनमधून ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी.

अपाचेचा अॅक्सेस लॉग ही तर साक्षात रोजकीर्द आहे. कोणत्या पत्त्यावरून, किती वाजता, कोणते पान मागितले गेले याची ओळीओळीने नोंद त्यात होते. पान दिले गेले तर २०० आणि सापडले नाही तर ४०४ असा शेरा. शनिवारी सायंकाळी पाच मिनिटे ती वाचावी. पत्ते १९२.१६८ चेच दिसले की भिंत शाबूत आहे असे समजावे. एखादा अनोळखी बाहेरचा पत्ता दिसला, तर प्रथम राउटरमधील पोर्टची यादी तपासावी आणि ते कोणी उघडले हे घरातच विचारावे.