फिट थांबली की फक्त दिसेनाशी झाली?

रुग्णाचे हातपाय झटके देणं थांबतं, पण तो शुद्धीवर येत नाही. नातेवाईक म्हणतात, "फिट थांबली, आता झोपलाय." दर वेळी ते खरं नसतं. अंग शांत असतानाही मेंदूत फिट चालू असू शकते. ती नुसत्या डोळ्यांना कळत नाही, सीटी स्कॅनवरून ठरवता येत नाही. खात्री होते ती ईईजीने, म्हणजे मेंदूतल्या विद्युतलहरींच्या आलेखाने.

माणसाचा पहिला ईईजी हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये काढला. शंभर वर्षं उलटली, तरी आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ही तंत्रज्ञ हजर असतानाच, दिवसा होणारी तपासणी आहे. फिट काय ओपीडीची वेळ बघून येते?

मग रात्री दोन वाजता डॉक्टर अंदाज करतो. फिट आहे असं धरलं, तर गुंगीची जड औषधं, प्रसंगी व्हेंटिलेटर. नाही असं धरलं आणि ती असली, तर मेंदूची हानी चालूच राहते.

रॅपिड ईईजीचा पट्टा प्रशिक्षित नर्सही काही मिनिटांत डोक्याला बांधू शकते. अमेरिकेतल्या पाच रुग्णालयांतला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. हा आलेख पाहिल्यावर फिट असलेले रुग्ण ओळखण्याचं डॉक्टरांचं प्रमाण ७७.८ वरून १०० टक्क्यांवर गेलं. फिट नसताना 'नाही' असं बरोबर सांगण्याचं ६३.९ वरून ८९ टक्क्यांवर. सुमारे २० टक्के रुग्णांचे उपचार बदलले.

"मशीनच ठरवणार, तर डॉक्टर कशाला?" हा आक्षेप मला पटत नाही. छातीत दुखत असताना ईसीजी न काढता केलेले उपचार तुम्ही चालवून घ्याल का? पट्ट्यावर इलेक्ट्रोड कमी असतात, काही फिट निसटू शकतात. म्हणून आलेख तज्ज्ञाने वाचायला हवा, गरज पडल्यास पूर्ण ईईजीही हवा. पण अपुरी माहिती आणि निव्वळ अंदाज यांत फरक आहे. खर्चाचं म्हणाल, तर विनाकारण लागलेला व्हेंटिलेटर काही फुकट नसतो.

आमच्या चिंचपोकळीच्या कस्तुरबात साथीच्या आजारांचे रुग्ण येतात. मेंदूज्वरातही अशी छुपी फिट येते. कस्तुरबा असो, परळचं केईएम असो की एखादं खासगी रुग्णालय, बेशुद्ध रुग्णाला रात्रीही तातडीने ईईजी मिळालाच पाहिजे.

तुमच्यावर अशी वेळ आली, तर न संकोचता विचारा: "डॉक्टर, ईईजी कधी होईल?"