अभियान संपल्यानंतरच्या दिवसांबाबत निवेदन

प्रति,
मा. मुख्य सचिव,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : दाखले व प्रमाणपत्रे देण्याच्या कामातील सुधारणा अभियानापुरती न ठेवता दरमहा चालू ठेवण्याबाबत.

महोदय/महोदया,

आम्ही एका तालुक्यातील पालक, शेतकरी, काही निवृत्त अव्वल कारकून आणि सेवा केंद्रे चालवणारे तरुण आहोत. तालुक्याचे नाव मुद्दामच लिहिलेले नाही. लिहिले, तर हे निवेदन ‘योग्य त्या कार्यवाहीस्तव’ असा शेरा घेऊन पायरी पायरीने उतरत त्याच कचेरीतल्या त्याच टेबलावर येईल आणि एका कारकुनाचा खुलासा जोडून नस्तीबंद होईल. आमची तक्रार त्या कारकुनाविरुद्ध नाही.

जानेवारी २०२५ पासून राज्यात १०० दिवसांचा सात कलमी कार्यक्रम राबवला गेला. क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाकडून त्याचे मूल्यमापन झाले आणि पुढे १५० दिवसांचाही कार्यक्रम आला. त्याचा फायदा आम्हाला झाला, हे आधी नमूद करतो. परंतु दिवस मोजून केलेली सुधारणा दिवस भरले की सैल पडते, हा जुनाच अनुभव आहे. ऐंशीच्या दशकात अनिलकुमार लखीना यांनी अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) जिल्हाधिकारी कचेरीत दप्तराला जी शिस्त लावली, ती ‘लखीना पॅटर्न’ म्हणून गाजली. पुणे विभागात चंद्रकांत दळवी विभागीय आयुक्त असताना ‘झिरो पेंडन्सी’चा बोलबाला झाला. दोन्ही पद्धती उत्तम होत्या. तरीही सहा गठ्ठे कसे लावायचे, हे आजही पुन्हा पुन्हा शिकवावे लागते. पद्धत साहेबांच्या नावाने ओळखली जाते, आणि साहेबांची बदली होते.

आता प्रत्यक्ष अडचण. जूनमध्ये प्रवेशासाठी एक मुलगी नॉन-क्रिमीलेअरचा अर्ज भरते. अर्ज त्रुटीत निघतो, कारण उत्पन्नाचा पुरावा तीन वर्षांचा नाही. तो जोडला की कळते, शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचे वडिलांचे नाव आधारकार्डाशी जुळत नाही. त्यासाठी प्रतिज्ञापत्र दिले, तर ते मुद्रांकावर का नाही, अशी विचारणा होते. वास्तविक शासकीय कार्यालयात द्यायच्या अशा प्रतिज्ञापत्रांवरचे मुद्रांक शुल्क २००४ सालीच माफ झालेले आहे. तहसीलच्या आवारात मात्र मुद्रांक विकणाऱ्यापुढची रांग हटत नाही. यातल्या खऱ्या त्रुटी पहिल्याच दिवशी कागदांत दिसत होत्या. त्या एकदम सांगितल्या असत्या, तर मुलीच्या वडिलांची मजुरी बुडाली नसती. शिवाय अर्ज परत गेला की जुना क्रमांक ‘निकाली’ होतो आणि नवा अर्ज नव्या तारखेने सुरू होतो. त्यामुळे तक्त्यात सगळे मुदतीत दिसते, आणि प्रवेशाची फेरी हुकलेली असते.

लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अर्जाची पोच, कालमर्यादा, अपील आणि कसूर करणाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये दंड, हे सर्व आहे. पण कायदा उशीर झाल्यानंतर जागा होतो. तीच त्रुटी दर जूनमध्ये तितक्याच अर्जांत का निघते, हे विचारण्याचे काम आज कुणाच्याच टेबलावर नाही. आमचे म्हणणे एवढ्यापुरतेच आहे.

म्हणून आमची पहिली मागणी अशी की, सर्व त्रुटी पहिल्या छाननीत एकाच वेळी कळवाव्यात, त्या पूर्ण करताना अर्जाचा क्रमांक बदलू नये आणि मुदत पहिल्या तारखेपासूनच मोजावी.

दुसरी मागणी आकड्यांची. ‘मुदतीत निकाली’ ही टक्केवारी आम्हाला पुरेशी वाटत नाही. पहिल्या अर्जापासून दाखला हातात पडेपर्यंत किती दिवस लागले, किती अर्ज परत गेले आणि त्या महिन्यात सर्वांत जास्त निघालेल्या पाच त्रुटी कोणत्या, हे नागरिकांच्या सनदेशेजारी दरमहा लावावे.

तिसरी मागणी आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. दर महिन्याला तासभर बैठक व्हावी. तिला तहसीलदारांबरोबर संबंधित लिपिक आणि दोन सेवा केंद्रचालक असावेत, कारण अर्ज कुठे अडतो हे त्यांनाच ठाऊक असते. पाचांपैकी एकच त्रुटी घ्यावी, तिचे कारण शोधावे, एक बदल करून पाहावा. उदाहरणार्थ, नावातील फरक अर्ज भरतानाच तपासायचा. पुढच्या महिन्यात ती त्रुटी घटली, तर बदल कायम. घटली नाही, तर तो सोडून दुसरा उपाय. इतिवृत्त एक पानाचे पुरे. मात्र हे आकडे कुणाच्या गोपनीय अहवालाला जोडू नयेत. जोडले, तर पुढच्या महिन्यापासून आकडे सुधारतील आणि काम तिथेच राहील. मुद्दाम अडवणूक करणाऱ्यासाठी कायद्यातील दंड आहेच.

बदलीच्या वेळी कार्यभार सोपवताना चालू असलेल्या बदलांची टिपणी द्यावी, आणि नव्या अधिकाऱ्यास त्यातले काही बंद करायचे असल्यास त्यांनी कारण लेखी नोंदवावे.

रिक्त पदे भरावीत. विलंबास प्रतिबंध करणारा २००५ चा अधिनियम कोणत्याही कर्मचाऱ्याकडे फाईल सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये असे सांगतो. तीन टेबलांचा अतिरिक्त कार्यभार ज्याच्याकडे आहे, त्याने ते सात दिवस कुठल्या टेबलाचे धरायचे?

अनेक कचेऱ्यांच्या दारावर आयएसओ ९००१ ची पाटी आहे. त्या मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीतले दहावे कलम सुधारणेचेच असून ती अखंड चालू ठेवण्याची अट त्यात आहे. म्हणजे आम्ही मागतो ते पाटी लावतानाच कबूल झालेले आहे.

सहाही महसुली विभागांत प्रत्येकी एका तालुक्यात हा प्रयोग येत्या प्रवेशहंगामापूर्वी सुरू करण्याचे आदेश व्हावेत, ही विनंती. चर्चेस आम्ही केव्हाही येऊ. शक्य झाल्यास ती बैठक मंत्रालयात न घेता एखाद्या तहसील कचेरीत, जूनमधल्या सोमवारी सकाळी अकरा वाजता ठेवावी.

आपले विश्वासू,
तालुक्यातील अर्जदार व सेवा केंद्रचालक
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत माहितीसाठी :
मा. मुख्य आयुक्त, महाराष्ट्र राज्य सेवा हक्क आयोग, मुंबई
मा. विभागीय आयुक्त, सर्व