दंड तिघांचा, नोंद कुणाचीच नाही

दौलताबादच्या किल्ल्यामागं डोंगराच्या पोटाशी आमची वस्ती आहे. तिथं एक दगड आहे. दोन गावांच्या शिवा आणि फॉरेस्टची हद्द त्या दगडापाशी मिळतात. दगडाला शेंदूर आमच्या म्हाताऱ्यांनी लावला, नंबर सरकारनं टाकला. भोवतालची जमीन आम्ही कसतो. पाऊस झाला तर बाजरी होते, नाही झाला तर ऊसतोडीला जातो.

या जमिनीवर आमचं नाव लावा म्हणून आम्ही गेलो. एका तलाठ्यानं नकाशा पाहिला, म्हणाला, "हे माझ्या सजात येत नाही, शेजारच्याकडं जा." शेजारचा म्हणाला, "हे फॉरेस्टचं." फॉरेस्टवाले म्हणाले, "हे गायरान, तलाठ्याला विचारा." तीन दिवसांची मजुरी बुडाली. दंड करायला मात्र तिघंही न चुकता येतात. त्या वेळी कुणी नकाशा उघडत नाही. आमच्या पत्र्याच्या पेटीत तिघांच्याही पावत्या आहेत.

म्हणून आमचं म्हणणं असं की, जिथं हद्दी मिळतात तिथं आदिवासी वसुलीला सगळ्यांचा असतो आणि नोंदीला कुणाचाच नसतो.

हे आजचं नाही. सातमाळ्याच्या खाली खानदेश १८१८ पासून इंग्रजांचा, वर आमचा मुलूख निजामाचा. भिल्ल घाटाच्या दोन्ही अंगांना राहत होते. त्यांना आवरण्यासाठी १८२५ मध्ये आउट्रम साहेबानं भिल्लांचीच पलटण उभी केली. कन्नडच्या घाटाला आजही त्याचं नाव आहे, आमच्या एकाही नाईकाचं नाही. १९४८ ला निजामाचं राज्य गेलं, हैदराबाद राज्य राहिलं. १९५६ ला आम्ही मुंबई राज्यात आलो, १९६० ला महाराष्ट्रात. आमचे आजोबा एकाच झोपडीत राहून चार राज्यांचे रहिवासी झाले. सातबारा एकाही राज्यानं दिला नाही. आज त्याच डोंगरात कन्नड, चाळीसगाव आणि नांदगाव हे तीन तालुके मिळतात, म्हणजे छत्रपती संभाजीनगर, जळगाव आणि नाशिक हे तीन जिल्हे. एका कामासाठी तीन कलेक्टर कचेऱ्या. त्यात १९८६ ला गौताळ्याचं अभयारण्य झालं, म्हणजे आणखी एक हद्द.

जे इथं शिवेच्या दगडापाशी, तेच तिकडं नंदुरबार जिल्ह्याच्या टोकाला, फक्त मोठं. नर्मदा आधी ३५ किलोमीटर मध्य प्रदेश आणि महाराष्ट्राच्या हद्दीवरून वाहते, मग ३९ किलोमीटर महाराष्ट्र आणि गुजरातच्या. हाफेश्वरजवळ तिन्ही राज्यं मिळतात. सरदार सरोवरात आपल्या बाजूची अक्कलकुवा-अक्राणीतली ३३ गावं सापडली. पाणी कुणाला किती, यावर राज्यं लवादापुढं दहा वर्षं भांडली. १९७९ ला निकाल झाला, की ज्याची पाव हिश्श्याहून जास्त जमीन बुडेल त्याला किमान पाच एकर. पण ज्याचा सातबारा, त्याचीच जमीन. पिढ्यान्‌पिढ्या जंगलजमीन कसणारा भिल्ल-पावरा 'अतिक्रमणवाला'. १९८७ च्या डिसेंबरात गुजरातनं आपल्या गावांतल्या अशा लोकांनाही जमीन द्यायचं मान्य केलं. महाराष्ट्रानं तेव्हा केलेलं नव्हतं. नदी एक, पाणी एक, बुडणारे मामा-भाचे. मामाला जमीन आणि भाच्याला हाकलपट्टी, हा कुठला न्याय?

हद्दच नको, असं आम्ही म्हणत नाही. शीव आम्हीही मानतो. शिवेवर वाघदेव आपलेच लोक बसवतात. पण वाघदेवापुढं दोन्ही गावं नारळ फोडतात. सरकारच्या शिवेवर दोन्ही गावं हात झटकतात. एवढाच फरक आहे.

आमची मागणी साधी आहे. दोन्ही तलाठी आणि फॉरेस्टचा माणूस, तिघांनी एकाच दिवशी त्या दगडापाशी यावं. आमच्यासमोर मोजणी करावी, एकच पंचनामा करावा, त्यावर तिघांच्या सह्या असाव्यात. ३१ मार्च १९७८ च्या आधीपासूनची आदिवासींची अतिक्रमणं कायम करायची, हा शासनाचाच निर्णय होता. पुरावा आम्ही देतो.

तेव्हा साथींनो, दंडाच्या जुन्या पावत्या चुलीत घालू नका. ज्या कागदानं आपल्याला चोर ठरवलं, तोच कागद आपण त्या साली तिथं कसत होतो हे सांगतो. यापुढं पावती घेतल्याशिवाय एक रुपया देऊ नका. आणि पुढच्या बैठकीला पेटीतल्या सगळ्या पावत्या घेऊन या. दोन्ही गावच्यांनी या. शिवेच्या अलीकडचे, पलीकडचे, सगळेच या.