पायरी दाखवणारी दुकाने

माझी भाची मुंबईतल्या एका मोठ्या मॉलमध्ये, परदेशी बनावटीच्या महागड्या पर्स विकणाऱ्या दुकानात सेल्सगर्ल आहे. पोरगी एम.कॉम. झालेली. रोज सकाळी विक्रोळीच्या कन्नमवार नगरातून डबा घेऊन निघते आणि दिवसभर अशा वस्तू हाताळते, ज्यांच्यातल्या एकीची किंमत तिच्या वर्षभराच्या पगाराच्या आसपास जाते. रविवारी घरी आली की तिच्या गोष्टींनी आमची हसून हसून पुरेवाट होते.

एक बाई म्हणे दर महिन्याला येतात. तीच पर्स खांद्याला अडकवून आरशासमोर उभ्या राहतात, फोटो काढून घेतात आणि ‘यांना विचारून सांगते’ म्हणून निघून जातात. हे ‘यांना विचारणे’ दीड वर्ष चालू आहे. एका गृहस्थांनी किंमत ऐकली आणि गंभीर चेहऱ्याने विचारले, “अडीच लाख? मग ही साखळी तरी सोन्याची आहे ना?” साखळी पितळेची आहे हे कळल्यावर त्यांनी बायकोकडे असे पाहिले, की चोरी पकडल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर मावेना. आणखी एका शेठजींनी एक पर्स घेतली आणि दुकानाच्या नावाच्या कागदी पिशव्या मागितल्या सहा. सोसायटीच्या लिफ्टमधून जाताना खरेदी भरगच्च दिसली पाहिजे! सर्वांत मोठी गंमत एका बाईंची. त्या पर्सची कडी दुरुस्त करायला आल्या. मॅनेजरने पर्स उलटसुलट पाहिली आणि अदबीने सांगितले, “मॅडम, ही आमची नाही.” बाई कडाडल्या, “आमच्या ह्यांनी परदेशातून आणली आहे!” शेजारी उभे असलेले ‘हे’ तेव्हा छताचे दिवे मोजत होते.

आम्ही हसलो. पण नंतर भाचीने जे सांगितले त्यावर मात्र हसू येईना. ती म्हणाली, “मामा, गिऱ्हाईक दारातून आत यायच्या आधीच आम्हाला त्याला ओळखावं लागतं. आधी पायांकडे बघायचं, मग मनगटाकडे, मग तोंडाकडे. चप्पल कसली, घड्याळ कोणतं, बोलणं कुठलं. त्यावरून ठरतं पाणी विचारायचं की नुसतं लक्ष ठेवायचं.”

याचा अनुभव मला स्वतःला आला. एकदा तिला घरची किल्ली द्यायला मी त्या दुकानात गेलो. पायात साधी चप्पल, खांद्याला कापडी झोळी. ती आत गोदामात होती, म्हणून एका शोकेसपाशी थांबलो. एक तरुण विक्रेता लगबगीने आला आणि म्हणाला, “काका, हे आपल्या बजेटमधलं नाही. खाली तळमजल्यावर सेल लागलाय.” त्याने हे उद्धटपणे म्हटले नाही. अगदी काळजीने म्हटले, आणि मला तेच जास्त लागले. माझ्या खिशात किती आहे हे त्याने विचारले नव्हते, त्याने माझी पायरी ठरवून टाकली होती. आपल्या मराठीत ‘पायरी ओळखून राहणे’ आणि ‘पायरी दाखवणे’ हे वाक्प्रचार उगाच आलेले नाहीत. या देशात हजारो वर्षे माणसाला माणसाची पायरी दाखवण्याचाच धंदा चालला आहे. मॉलच्या गुळगुळीत फरशीवर पायरी दिसत नाही, इतकाच फरक.

आता यातली गंमत पाहा. सिल्विया बेलेझा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. इटलीतल्या मिलान शहरातील अतिमहागड्या दुकानांच्या विक्रेत्यांना त्यांनी विचारले, की एक बाई व्यायामाच्या कपड्यांत दुकानात आली आणि दुसरी फरचा कोट घालून आली, तर खरेदी करण्याची ऐपत कोणाची? विक्रेत्यांनी व्यायामाच्या कपड्यांतल्या बाईला झुकते माप दिले. त्यांचा हिशेब असा, की जिला कोणाला काही सिद्ध करून दाखवायचे नाही, तीच खरी श्रीमंत. हाच प्रश्न रेल्वे स्टेशनवरच्या साध्या माणसांना विचारला, तेव्हा त्यांचा कौल फरच्या कोटाकडे गेला.

चळवळीच्या वाचकाने इथे क्षणभर थांबावे. गबाळे राहण्याची चैनसुद्धा ज्याची प्रतिष्ठा आधीच ठरलेली आहे त्यालाच परवडते! १९३१ साली दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या वेळी गांधीजी पंचा नेसून इंग्लंडच्या बादशहाच्या राजवाड्यात गेले आणि जगाने त्यांना साधेपणाचे प्रशस्तिपत्र दिले. त्याच परिषदेत आपले बाबासाहेब सुटाबुटात होते, म्हणून आजही काही दीडशहाणे नाक मुरडतात. त्यांना एवढेही उमगत नाही, की ज्याच्या समाजाच्या अंगावर धड कपडा येऊ नये अशी व्यवस्था धर्माच्या नावाने केली गेली, त्याने उघडे फिरण्यात त्याग कसला? ते तर त्याच्यावर लादलेलेच होते. बाबासाहेबांचा सूट ही चैन नव्हती. ‘मी तुमची पायरी मानत नाही’ हे न बोलता सांगण्याची ती रीत होती.

आणि हे केवळ भावनेने सांगत नाही, याला इतिहास आहे. ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या १९३६ सालच्या भाषणात बाबासाहेबांनी इंदूरकडच्या बलाई समाजाची हकिकत दिली आहे. ती जानेवारी १९२८ मध्ये वर्तमानपत्रात आली होती. गावच्या सवर्णांनी बलायांना हुकूम काढला, की जरीकाठी पागोटे बांधायचे नाही, रंगीत किंवा नक्षीच्या काठाचे धोतर नेसायचे नाही, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. पैसा बलायाचा, धोतर बाजारातले, पण काठ कसा असावा हे ठरवणार गावचा पाटील! त्याच्या आधी काहीच दिवस, डिसेंबर १९२७ मध्ये महाडला सत्याग्रह परिषदेसाठी जमलेल्या स्त्रियांना बाबासाहेबांनी सांगितले होते, की जातीची खूण पटवणारी लुगडे नेसण्याची पद्धत सोडा, गळ्याहातातले ते जड दागिने टाका, स्वच्छ आणि नेटके राहा. आपल्या आयाबायांनी ते ऐकले. कपड्याचा प्रश्न आपल्यासाठी कधीच फॅशनचा नव्हता, तो माणुसकीच्या हक्काचा होता.

दुकानाचेही तसेच. आपल्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाचे दुसरे कलम ज्यांनी वाचले नसेल त्यांनी आज वाचावे. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून कोणाही नागरिकाला दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीच्या जागा येथे प्रवेशाची आडकाठी करता येणार नाही, असे त्यात आहे. त्यात पहिला शब्दच ‘दुकाने’ हा आहे. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत यावर चर्चा झाली, तेव्हा या शब्दात न्हाव्याचे दुकान आणि लाँड्री येते का, असा प्रश्न निघाला. बाबासाहेबांनी खुलासा केला, की ‘दुकान’ हा शब्द इथे व्यापक अर्थाने वापरला आहे, पैसे घेऊन सेवा देणारा प्रत्येक जण त्यात येतो. आमची माणसे न्हाव्याच्या ओट्यावरून हाकलली जात होती, म्हणून तो शब्द तिथे आला. १९५५ सालच्या कायद्याने, ज्याला आज नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, अस्पृश्यतेच्या कारणावरून दुकानात येण्यास अडवणे हा गुन्हा ठरवला.

तरीही जुलै २०२४ मध्ये बंगळुरूच्या एका मॉलमध्ये मुलाबरोबर सिनेमा पाहायला आलेल्या वृद्ध शेतकऱ्याला केवळ धोतर नेसले म्हणून दारात अडवण्यात आले. बोभाटा झाल्यावर कर्नाटक सरकारने तो मॉल सात दिवस बंद ठेवण्याचा निर्णय जाहीर केला. संविधानाच्या यादीत धोतर नाही. पण धोतर, चप्पल, बोली आणि आडनाव यांवरून माणूस कुठला हे हुडकण्याचे शिक्षण या देशात आईच्या दुधाबरोबर मिळते, हे कोणाला सांगायला नको.

परदेशातही काही वेगळे नाही. जगातल्या सर्वांत श्रीमंत कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी एक असलेल्या ओप्रा विन्फ्रे यांनी २०१३ साली सांगितले, की झुरिकच्या एका दुकानात त्यांनी एक पर्स पाहायला मागितली, तर विक्रेतीने ‘ती फार महाग आहे’ म्हणून दुसऱ्याच दाखवायला सुरुवात केली. पर्स होती ३५ हजार स्विस फ्रँकची. स्वित्झर्लंडच्या पर्यटन संस्थेने माफी मागितली. विक्रेतीने आरोप नाकारला आणि दुकानमालकीणबाईंनी गैरसमज झाल्याचे सांगितले. गैरसमज असेलही, पण असे गैरसमज नेमके कातडीचा रंग पाहूनच का होतात?

अशा गोष्टींवर आपल्याकडे एक हुकमी किस्सा सांगितला जातो. लंडनच्या मोटारीच्या दुकानात एका हिंदी संस्थानिकाचा अपमान झाला, म्हणून त्याने रोल्स रॉइस गाड्या विकत घेतल्या आणि त्यांना झाडू बांधून शहराचा कचरा गोळा करायला लावले. कोणी अलवरचे नाव घेतो, कोणी आणखी कुठले. किश्शाला पुरावा नाही, टाळ्या मात्र हमखास मिळतात. पण टाळी वाजवण्यापूर्वी आपण विचार करायला हवा, की या गोष्टीत गाडीची बेअब्रू कशाने झाली? झाडूने! म्हणजे झाडू मारणे हे इतके हलके काम, की ते करायला लावले की निर्जीव लोखंडसुद्धा बाटते. मग पिढ्यान्पिढ्या तोच झाडू ज्यांच्या हातात दिला त्या जिवंत माणसांचे काय? महाराजांना आपला अपमान झोंबला. आपल्या संस्थानातल्या सफाई कामगाराचा अपमान त्यांच्या गावीही नव्हता. ज्या विनोदात आपला बाप तळाशी उभा आहे, त्यावर आपण का हसावे?

आणि चपलेवरून माणूस जोखणाऱ्यांची खरी फजिती तर जून २०२५ मध्ये झाली. मिलानला ‘प्राडा’ या बड्या कंपनीने आपल्या पुरुष मॉडेलांच्या पायात जी चप्पल घातली ती हुबेहूब कोल्हापुरी होती. नाव नुसतेच ‘चामडी सँडल’. कोल्हापूरचा उल्लेख नाही, करणाऱ्यांचा तर नाहीच. ज्या चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, जी महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांतले कारागीर हाताने बनवतात, तिची ही गत. ओरड झाल्यावर कंपनीने मूळ मान्य केले आणि डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार करून भारतात बनवलेले २,००० जोड सुमारे ८०० युरोंना विकण्याचे जाहीर केले. चांगले झाले. कारागिराच्या पदरात त्यातले किती पडते यावर मात्र आपले लक्ष राहिले पाहिजे. कारण कातडे कमावले म्हणून ज्याला गावाबाहेर ठेवले, त्याच्याच हातची चप्पल काचेच्या कपाटात जाऊन बसली आहे. ती करणारा उद्या तीच पायात घालून त्या दुकानात गेला, तर त्याला कोणी पाणी विचारील का?

मग आपण करायचे काय? जानेवारी २०२२ मध्ये तुमकूरच्या एका शेतकऱ्याला गाडीच्या शोरूममधल्या विक्रेत्याने ‘खिशात दहा रुपये तरी असतील का’ म्हणून हिणवले. त्या पठ्ठ्याने थोड्याच वेळात १० लाख रुपये आणून समोर ठेवले. मग गाडी लगेच देता येईना, अशी शोरूमवाल्यांचीच पंचाईत झाली. बातमी वाचून मलाही बरे वाटले. पण ज्याच्याकडे दहा लाख नाहीत त्याने काय करायचे? पैसे आणून टाकल्यावर जो मान मिळतो तो माणसाचा नसतो, नोटांचा असतो. मॉर्गन वॉर्ड आणि डॅरेन डाल या संशोधकांनी २०१४ साली दाखवून दिले, की अशा दुकानात कमी लेखले गेलेल्या हौशी गिऱ्हाइकाला ती वस्तू उलट जास्तच हवीशी वाटते. म्हणजे अपमान हासुद्धा विक्रीचा माल! नोकरीला लागलेल्या आपल्या पोरांनी हे ध्यानात ठेवावे. ‘मीही कमी नाही’ हे दाखवण्यासाठी हप्त्यावर घेतलेली दोन लाखांची पर्स दुकानदाराची पायरी मोडत नाही, पक्की करते. बाबासाहेब न्यूयॉर्कला शिकत असताना पोटाला चिमटा घेऊन जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून ग्रंथ जमवत होते. हौस करावी, नेटके राहावे, जरूर राहावे. पण ऐपतीत, स्वतःसाठी, दुसऱ्याच्या नजरेसाठी नव्हे.

दुकानात मात्र बेधडक शिरावे. पाहावे, किंमत विचारावी, नको असेल तर ताठ मानेने बाहेर यावे. तो हक्क आहे. आणि अपमान झाला तर त्या विक्रेत्या पोराशी भांडताना एवढे लक्षात ठेवावे, की तोही बहुधा कोणत्या तरी चाळीतूनच आलेला असतो. वरच्याने त्याला दाबले, त्याने खालच्याला दाबावे, हीच तर बाबासाहेबांनी सांगितलेली श्रेणीबद्ध विषमता. माझी भाची दिवसाचे नऊ तास उभी असते. केरळने २०१८ साली आणि तमिळनाडूने २०२१ साली कायदा दुरुस्त करून दुकानातल्या कामगारांना बसण्याचा हक्क दिला. बसायला जागा मिळावी म्हणून या देशात कायदा करावा लागतो! फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेणाऱ्या महाराष्ट्रातल्या कामगार संघटनांनीही या मागणीसाठी आवाज उठवायला हवा.

परवा भाची म्हणाली, “मामा, त्या दिवसापासून मी एक नियम केलाय. कोणीही वयस्कर माणूस आला, पायात काहीही असो, पहिल्यांदा म्हणते, बसा काका, पाणी आणू का? मॅनेजर ओरडतो, की बघायला आलेल्यांना कशाला बसवतेस?”

“मग तू काय सांगतेस?”

“सांगते, सर, पाणी फुकट आहे.”

चवदार तळ्याच्या लेकीला याहून जास्त काय शिकवायचे? जयभीम!