ऐकून घेण्याचे मोल

१८८६ मध्ये कोल्हापूर संस्थानाने डॉ. आनंदीबाई जोशी यांना आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या, म्हणजे आजच्या सीपीआरच्या, स्त्री-कक्षावर नेमले; रुजू होण्यापूर्वीच त्या निवर्तल्या. आज सरकारी सेवेत स्त्री-पुरुष डॉक्टरांची वेतनश्रेणी एकच आहे. खासगी दवाखान्याची मिळकत मात्र दिवसाकाठी तपासलेल्या रुग्णांच्या संख्येवर ठरते. अमेरिकेतील २०२० च्या एका मोठ्या अभ्यासात प्राथमिक सेवेतील स्त्री-डॉक्टर प्रत्येक रुग्णाला सरासरी २.४ मिनिटे अधिक देतात, आणि तपासणीचे त्यांचे उत्पन्न सुमारे ११ टक्क्यांनी कमी भरते, असे आढळले. आपल्या गडमुडशिंगीतही गुडघे, रक्तदाब, झोप आणि जमल्यास सुनेविषयीचे गाऱ्हाणे सविस्तर सांगण्यासाठी आपण बाईंकडेच जाता. मग ‘ताई, थोडे कमी घ्या’ ही विनंती डॉक्टरसाहेबांना का बरे करीत नाही?