लोकभाषेचा धाक

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक वाचकांच्या हाती दिला, तेव्हा ‘केसरी’चे संपादक टिळक आपल्या लेखांपायी मंडालेच्या कारागृहात सहा वर्षांची शिक्षा भोगीत होते, हे ध्यानी घेतले म्हणजे दिवाळी अंकाच्या संपादकाने लेखनस्वातंत्र्याविषयी का बोलावे, याची वेगळी कैफियत देण्याचे कारण उरत नाही. यंदा आम्ही ज्यांचे स्मरण करीत आहोत, ते दूरच्या मुलुखातले. केनियाचे थोर कादंबरीकार न्गुगी वा थिओंगो २८ मे २०२५ रोजी निवर्तले.

न्गुगींची ‘पेटल्स ऑफ ब्लड’ ही इंग्रजी कादंबरी १९७७ च्या जुलैत प्रसिद्ध झाली. स्वतंत्र केनियाच्या राज्यकर्त्यांवर तीत जळजळीत टीका असूनही सरकारने तिला हात लावला नाही. परंतु त्याच वर्षी लिमुरूजवळच्या कामिरीथू गावात, न्गुगी वा मिरी यांच्या साह्याने, त्यांनी गिकुयू भाषेत नाटक रचले. मळ्यांत आणि कारखान्यांत राबणाऱ्या गावकऱ्यांनी खुले नाट्यगृह स्वतःच्या हातांनी उभारले, आणि उघड्यावर चाललेल्या तालमी पाहावयास जमलेली माणसे भूमिकेच्या वयाला न शोभणारा संवाद ऐकताच तो तेथल्या तेथे दुरुस्त करू लागली. ऑक्टोबरात प्रयोग सुरू झाले, नोव्हेंबरात परवाना रद्द झाला, आणि वर्ष सरता सरता लेखकाला, कोणताही खटला न चालविता, कामितीच्या कडेकोट बंदोबस्ताच्या तुरुंगात डांबण्यात आले.

तेथे त्यांनी शौचासाठी मिळणाऱ्या खरखरीत, जाड कागदावर नवी कादंबरी लिहिली, आणि तीही गिकुयूतच. मध्यंतरी झडतीत सारे कागद जप्त झाले, सुदैवाने ते परत मिळाले. १९८० मध्ये ती छापून आली, तेव्हा अक्षरओळख नसलेल्या माणसांनी ती घरोघरी दुसऱ्याकडून वाचवून घेतली. पुढे १९८२ साली पोलिसांनी कामिरीथूचे नाट्यगृहच जमीनदोस्त केले.

इंग्रजी कादंबरी सहन करणाऱ्या सत्तेला गावच्या बोलीतले नाटक सहन होत नाही, याचे कारण मराठी वाचकाला समजावून सांगावयास नको. लॉर्ड लिटनच्या १८७८ च्या कायद्याने देशी भाषांतील पत्रांनाच जखडले होते, इंग्रजी पत्रांना नव्हे. आणि टिळकांच्या मराठी अग्रलेखांचा निवाडा १९०८ मध्ये ज्या पंचांनी केला, त्यांतील बहुसंख्य युरोपीय होते. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ या नाटकावरही बंदीचा हुकूम निघाला. ज्याला शेतकरी आणि मजूर उत्तर देऊ शकतात, असे लेखन सत्तेला खरोखर भय घालते, असे आमचे स्पष्ट मत आहे. म्हणूनच जगभरच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याची चिंता वाहताना केवळ मोठ्या भाषांतील विख्यात नावांपाशी थांबणे आम्हांस अपुरे, किंबहुना अन्यायाचे वाटते.

आणि परकी राजवट संपली म्हणून परवान्याचे राज्य संपत नाही. केनियात हे सारे स्वराज्यात घडले. महाराष्ट्रातही रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता दाखल करून प्रमाणपत्र घेण्याची पद्धत स्वातंत्र्यानंतर रुजली, आणि ‘सखाराम बाइंडर’ या नाटकासाठी दिग्दर्शक कमलाकर सारंगांना उच्च न्यायालयाचे दार ठोठावावे लागले. ही पद्धत मोडीत निघावी, असे आम्हांस मनःपूर्वक वाटते.

न्गुगी तुरुंगात असताना ‘अॅम्नेस्टी इंटरनॅशनल’ने त्यांची बाजू हाती घेतली होती, त्यांची भाषा न जाणणारी दूरदेशींची माणसे त्यांच्या सुटकेची मागणी करीत होती. १९७८ च्या डिसेंबरात ते सुटले. वाचकहो, एखाद्या लेखकाच्या वा नटाच्या मुस्कटदाबीची वार्ता कानी येईल, तेव्हा त्याचे मत आपणांस पटते की नाही याचा विचार बाजूस ठेवून आपल्या नावानिशी एक निषेधपत्र संबंधितांस अवश्य धाडा.